मोजणीत नसलेला उस्ताद

हणमंत, तुला जाऊन अजून महिना झाला नाही आणि अख्ख्या आष्टा गावानं तुझा निकाल लावून टाकलाय. पिऊन रस्त्यात आला आणि ट्रॅक्टरखाली गेला. संपलं. हे वाक्य मी पहिल्यांदा स्मशानातच ऐकलं, तुझ्या चुलतभावाच्या तोंडून. तुझी चिता पेटलेली होती आणि तो धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत म्हणाला, "फौजेतनं आल्यापास्नं बिघडलंच हुतं रं ते. आज ना उद्या हे व्हनारच हुतं." आजूबाजूच्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. सगळ्या जगावर राग काढून झाला की मी शेवटी त्या हललेल्या मानेपाशी येऊन थांबतो.

वहिनी मात्र बसायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत होती. "आवं, मी चहा दिला तवा जवळ हुते. तोंडाला वास न्हवता. दुधाची किटली घेऊन सरळ डेअरीला निघालं हुतं." येणारे "व्हय व्हय" म्हणायचे, पाणी प्यायचे आणि अंगणात जाऊन आपलंच खरं करायचे. मागून उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला, त्यानं हॉर्न वाजवला, तू बाजूला झाला नाहीस, उलट झोक जाऊन आतच आलास. भल्या सकाळी झोकांड्या खाणाऱ्या आणि हॉर्न न ऐकणाऱ्या माणसासाठी आपल्या गावाकडे एकच शब्द आहे. दुसरा शोधायची कुणाला गरज वाटली नाही.

पूनमलाही नाही. तुझी एकुलती एक लेक फलटणहून आली, आईला धरून उभी राहिली आणि एकदाही रडली नाही. तिच्या साखरपुड्यात तू व्याह्यांच्या अंगावर भरलं ताट फेकलंस, तेव्हापासून ती तुझ्याशी बोलत नव्हती. लग्नही तिनं तू नसताना केलं. निघताना ती मला म्हणाली, "काका, सुटलो एकदाचे." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला जे माहीत होतं ते त्या क्षणी माझ्या तोंडात होतं, हणमंत. मी ते गिळलं.

म्हणून आता तुलाच लिहितोय. तू काही ऐकणार नाहीस हे ठाऊक आहे. जिवंतपणी तरी कुठे ऐकायचास!

शाळेत आपण एका बाकावर होतो. तू भरतीला पळालास, मी सांगलीत डिप्लोमा केला आणि साताऱ्याच्या एका कंपनीत ड्रॉइंगच्या टेबलावर बसलो. तिथे मी आजवर एकच वस्तू काढत आलो: खांद्यावर ठेवून रणगाड्यावर डागायच्या लाँचरची नळी. तुझ्या हातात तेच हत्यार आहे हे कळलं तेव्हा तू फोनवर किती हसला होतास. "म्हंजी तू फुकणी बनवायची आनि मी फुकायची व्हय रं सल्या?"

हे हत्यार बनवणाऱ्यांची खरी अडचण रणगाडा नसतो, माणूस असतो. तोफेचा धक्का जमीन सोसते. तोच धक्का माणसाच्या खांद्याला दिला तर खांदा उखडून येईल. मग कुणीतरी डोकं चालवलं आणि नळीचं मागचं तोंडही उघडं ठेवलं. गोळा पुढे जातो, तितक्याच जोरानं जळता वायू मागे सुटतो आणि खांद्याला जवळजवळ काही कळत नाही. पुढच्या गोळ्यात तांब्याचं नरसाळं असतं, स्फोटाबरोबर त्याची धार होऊन ती पोलादात घुसते. नळीच्या मागच्या टोकाला दुसरं नरसाळं असतं, वायूला वाट द्यायला. आणि या दोन नरसाळ्यांच्या मधे एका माणसाचं डोकं असतं. ड्रॉइंगमध्ये आम्ही त्याचा खांदा काढतो, गाल टेकायची जागा काढतो, डोळा कुठे येईल ते काढतो. कान काढायची कधी गरज पडली नाही.

पहिल्या पिढीच्या नळ्या जाड पोलादाच्या होत्या. एकानं उचलून डोंगर चढायचा म्हणजे जीव निघायचा. नंतरची सगळी वर्षं वजन उतरवण्यात गेली. पोलादाचं पातळ अस्तर राहिलं, त्यावर राळेत भिजवलेल्या धाग्यांचे वेढे आले. मी काढलेली नळी पहिल्यांदा एका हातानं उचलली तेव्हा मला लेक झाल्यासारखा आनंद झाला होता. मग वजन उतरवायचं संपलं आणि आम्ही लांबी कमी करायच्या मागे लागलो.

त्याच सुमारास चाचणीसाठी मी फायरिंग रेंजवर आलो आणि तिथे तू भेटलास. भेटलास म्हणजे मागून माझी कॉलर धरून मला फरपटत बाजूला नेलंस. "आरं ए, नळीच्या मागं काय करतोयस? बोकडागत भाजशील की! काढतोस तू आनि तुलाच म्हाईत न्हाई व्हय?" तुझे शिकाऊ जवान बघतच राहिले. ते तुला उस्ताद म्हणत होते. आपल्या वर्गात नापास होणाऱ्या हणम्याला कुणी उस्ताद म्हणतंय हे ऐकून मला हसू आलं आणि मग अभिमानही वाटला.

मी बाजूच्या बंकरमधून पाहत होतो. एकेक जवान येत होता, गुडघा टेकवत होता, नळी खांद्यावर घेत होता. तू त्याच्या डाव्या अंगाला, अगदी चिकटून, त्याच्या हेल्मेटवर हात ठेवून. "कंधा कस के! मुँह खुला रख! डर मत, बेटा, मैं हूँ ना." आणि हेल्मेटवर थाप. धडाका झाला की जमीन हलायची, धूळ उठायची आणि धुळीतून तुझे दात दिसायचे. पुढचा जवान यायचा. तू तिथेच. उजव्या कानातलं बूच तू काढून ठेवलं होतंस, कारण घाबरलेलं पोर काय पुटपुटतंय ते ऐकू यायला हवं, असं तू मला सांगितलंस. त्या नळीकडच्याच कानातलं.

दुपारी जवानांच्या लंगरमध्ये चहा पिताना आपला तो वाद झाला. तो अजून संपलेला नाही.

"सल्या, वीतभर कापा की रं ही. झुडपात अडकती, गाडीत मावंना."

"आखूड केली की दोन्ही तोंडं कानाजवळ येतात, हणम्या."

"येऊं देत. कान दोन हायत."

"आणि डोकं?"

"ते असतं तर मी बी तुझ्यागत डिप्लोमा केला नसता का!"

मी पोट धरून हसलो. आणि नंतर साताऱ्याच्या बैठकीत तुझं वाक्य जसंच्या तसं मांडलं: वापरणारेच आखूड मागतायत. खोटं नव्हतं ते. पण मला तेच ऐकायचं होतं, म्हणून मी तुझी थट्टा वगळली आणि मागणी तेवढी नेली. नळी आखूड झाली.

आता तुझ्यावरचा राग काढतो, मेलेल्या माणसावर काढू नये म्हणतात तरीही. सुट्टीवर आलास तेव्हा कृष्णेच्या घाटावर बसून तू मला फुशारकीनं सांगितलंस की कानाच्या तपासणीत तू दर खेपेला पास होतोस. "काचंच्या पेटीत बसवत्यात. आवाज आला की बोट वर करायचं. आवाज कुटं येतोय? म्या तपासनाऱ्या मानसाच्या खांद्याकडं बघतो. खांदा हालला की बटन दाबलं. लगीच बोट वर!" तू करून दाखवलंस आणि घाटावरची बायका-माणसं आपल्याकडे बघायला लागली. तुला उस्तादाची जागा सोडायची नव्हती. घरी परत येऊन नुसता माजी सैनिक व्हायचं नव्हतं. अरे, मग सांगायचंस ना! मला तरी सांगायचंस की कानात रात्रंदिवस रातकिडे ओरडतात. ते मला वहिनीकडून कळलं, तू पेन्शनवर आल्यानंतर.

पेन्शनवर आलेला हणमंत वेगळाच होता. टीव्हीचा आवाज असा की शेजारी भांडायला यायचे. माणसांची नावं सापडेनात. उन्हात गेलं की डोकं धरून बसायचास, चालताना झोक जायचा. आणि राग. आयुष्यभर पोरांना "बेटा" म्हणत शिकवणारा माणूस म्हशीला दावणीला बांधून मारायला लागला. वहिनी एकदा मला म्हणाली, "भावजी, ह्यो माझा नवरा न्हवं. फौजेनं दुसराच कुणीतरी धाडलाय." मी म्हणालो, पेन्शनीनंतर होतं असं, रिकामपण असतं. केवढ्या शहाणपणानं म्हणालो! साखरपुड्यात सगळे एकदम बोलत होते, तुला एकही शब्द लागत नव्हता, आणि हसणारे आपल्यालाच हसतायत असं तुला वाटलं. ताट उडालं. दारू त्यानंतर वाढली. पीत होतास तू, ते मी झाकणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या आणखी आखूड नळीची चाचणी होती. डागणाऱ्याच्या डोक्याशी हवेचा दाब मोजायचे सेन्सर लावले. एक उरला. मी तो एका स्टँडवर अडकवला आणि तुझ्या जागी उभा केला, डागणाऱ्याच्या डाव्या अंगाला. खरं सांगू? गंमत म्हणून. तुला फोन करून सांगणार होतो की बघ, तुझ्या जागी लोखंडाचा उस्ताद उभा केलाय. धडाका झाला. पडद्यावर रेघा आल्या. डागणाऱ्याच्या कानाशी जी रेघ उसळली, तिच्या फारशी खाली लोखंडी उस्तादाची रेघ नव्हती.

एका जवानानं एका दिवसात ठरावीकच गोळे डागायचे असा नियम आहे. डोक्याला मार बसू नये म्हणून आहे, आणि तो आम्हीच पुस्तिकेत लिहून देतो. डागले की त्या जवानाला त्या दिवसापुरती सुट्टी. मग दुसरा जवान येतो. मग तिसरा. उस्ताद बदलत नाही. ज्यानं ट्रिगर दाबला तोच मोजायचा, ही आमची पद्धत. ज्याचा हात हेल्मेटवर होता तो मोजणीत नाही. माझ्यासकट एवढे शिकलेले लोक त्या टेबलाभोवती बसले आणि कुणालाच तो माणूस दिसला नाही. मला तर दिसायला हवा होता. मी त्याला नावानं ओळखत होतो.

मी बैठकीत विषय काढला. साहेबांनी रेघा पाहिल्या, चष्मा काढला. "उस्ताद डागतो का, सलीम? नाही ना? मग तो मोजणीत येतोच कसा? आणि प्रशिक्षण हा आपला विषय नाही. आपण नळी देतो." चहा आला. मी खाली बसलो. आजही तो चहा आठवला की तोंड कडू होतं.

गणपतीत मी आष्ट्याला आलो ते तुला हे सांगायलाच. त्या दिवशी तू बरा होतास. नवी म्हैस दाखवलीस, तिच्या शिंगांना लावलेला रंग दाखवलास, मोदक बळंच खायला घातलेस. मला वाटलं, आज नको. बऱ्या दिवशी कुणी असलं बोलतं का? असा विचार करून परत आलो आणि त्याला मी दया समजत होतो. ती भीती होती. तू विचारलं असतंस, "मग तवा का न्हाई बोल्लास?"

ते आता पूनमनं विचारलं.

मागच्या रविवारी मी फलटणला गेलो. तिनं चहा ठेवला, मी सगळं सांगितलं. तिनं मधेच अडवलं.

"म्हणजे ते दारू पीत नव्हते असं म्हणायचंय का तुम्हाला, काका?"

"पीत होता. पण त्या सकाळी प्यायला नव्हता. आणि त्याआधीचा तो राग, ते विसरणं, ते तोल जाणं, त्यातलं बरंचसं त्या धडाक्यांनी झालेलं असू शकतं."

"असू शकतं?"

"मी डॉक्टर नाही, बाळा. किती त्याचं आणि किती त्याच्या डोक्याला बसलेल्या माराचं, हे आता कुणालाच वाटून देता येणार नाही."

ती उठली. "कुठं उभे राहायचे ते? दाखवा." मी स्टूल ठेवलं, म्हणालो हा जवान. त्याच्या डाव्या अंगाला उभा राहिलो, हात पुढे केला. तिनं मला बाजूला केलं आणि स्वतः त्या जागी उभी राहिली. स्टुलावर, हवेत, हेल्मेट असेल तिथे तळवा धरला. मग दुसऱ्या हातानं आपल्या उजव्या कानापासून स्टुलापर्यंतचं अंतर चाचपलं.

"एवढ्या जवळ?"

"एवढ्याच."

"आणि हे तुम्हाला कधीपासनं माहिताय?"

"उन्हाळ्यापासून."

तिनं हात खाली घेतला. म्हणाली, "उन्हाळ्यात सांगितलं असतं तर मी दिवाळीला गेले असते, काका."

हणमंत, तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती ओरडलीसुद्धा नाही. तुझी दिवाळी मी खाल्ली. तुझ्या दारात लेक आली असती, कदाचित तू पुन्हा ताट फेकलं असतंस, कदाचित नसतं फेकलं. पण आली असती. ती मी येऊ दिली नाही, कारण एका चांगल्या दिवसाचा मूड मला मोडवला नाही.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "जिथं बोलतात तिथं सांगा. डेअरीवर. मी येते. पण तोंड तुम्ही उघडायचं."

काल सकाळी आम्ही आष्ट्याच्या डेअरीवर गेलो. किटल्यांची रांग लागली होती. तुझा चुलतभाऊ होता, सगळे नेहमीचे होते. मी बोलायला लागलो आणि माझा आवाज चढतच गेला. नळी सांगितली, उस्तादाची जागा सांगितली, माझं टेबल आणि माझं गप्प बसणं सांगितलं. एकानं म्हटलं, "आसंल बाबा. पर बार ऐकून मानूस भैरा हुतोय, पिसाळत न्हाई." मी त्याच्यावर असा ओरडलो की त्यानं किटली खाली ठेवली. "तू उभा राहिलायस का तिथं? एक दिवस? राहा, आणि मग बोल!" तुझा चुलतभाऊ म्हणाला, "सलीमभाई, रागावू नगासा. आमाला काय ठावं?" खरंच होतं. ज्याला ठाऊक होतं तो साताऱ्यात चहा पीत होता.

रांगेच्या शेवटी ट्रॅक्टरवाला उभा होता. मी त्याला ओळखलं नव्हतं. तो स्वतःच पुढे आला. चाळिशीचा माणूस, हातातलं फडकं पिळत होता.

"ताई, म्या हारन लय वाजवला. लय. त्ये सरलंच न्हाईत, उलट झोक गेला. मला वाटलं पिल्यात, हुतील बाजूला. म्हनून बिरेक उशिरा दाबला." आणि मग खालच्या आवाजात, "पिल्यात असं पोलिसास्नी म्याच पयलं सांगितलं."

पूनमनं त्याला विचारलं, "कुठल्या बाजूनं आला होतात तुम्ही?"

"मागनं. त्यांच्या उजव्या अंगानं."

"तो कान गेलेला होता," ती म्हणाली. "आप्पांना तुमचा हॉर्न ऐकूच आला नाही." आणि डेअरीच्या पायरीवर बसून ती रडली. रांगेतल्या बायकांनी किटल्या सोडल्या आणि तिच्याभोवती बसल्या. तो ट्रॅक्टरवाला तिथेच उभा राहिला. त्याला जा म्हणायला कुणाला सुचलं नाही, आणि थांब म्हणायलाही.

मी हे साताऱ्याला जाताना एसटीत लिहितोय. नव्या नळीची पुस्तिका उद्या टेबलावर येईल आणि त्यावर माझी सही लागते. जो जवळ उभा राहतो त्यालाही मोजा, एवढं एक वाक्य त्यात येईपर्यंत ती सही मिळणार नाही. साहेब विचारतील, उस्ताद डागतो का? विचारू देत. या वेळी मी तुझं नाव घेणार आहे, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. तुझ्यानंतर त्या जागी दुसरा कुणीतरी उभा आहे, हणमंत, आत्ता या घडीला, कुणाच्या तरी हेल्मेटवर हात ठेवून. त्यालाही घरी लेक असेल.